भौतिकशास्त्राचा उन्हाळी संशोधन प्रकल्प: अर्जापासून नो-ड्यूजपर्यंत

मे महिन्यात एखाद्या संशोधन संस्थेत, तेही विद्यावेतन घेऊन, काम करायचं असेल तर तयारी गणपतीच्या आसपास सुरू व्हायला हवी. बी.एस्सी.चे बरेच विद्यार्थी फेब्रुवारीत, कुणा मित्राचा अर्ज गेल्याचं कळल्यावर जागे होतात. तोवर काही मोठ्या योजनांच्या मुदती उलटून गेलेल्या असतात. शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांच्या मागे तेव्हा परीक्षा लागलेल्या असतात, आणि अर्जात लिहावं असं काही हाताशी नसतं. मार्क चांगले असूनही निवड न होण्याचं हे पहिलं कारण आहे.

या प्रकल्पांचं स्वरूप साधारण असं: सहा ते आठ आठवडे, एक गाइड, एक छोटा पण खरा प्रश्न, शेवटी अहवाल आणि बहुतेक ठिकाणी सादरीकरण. विद्यावेतन मिळतं, काही ठिकाणी वसतिगृह आणि ठरलेल्या वर्गाचं रेल्वेभाडंही मिळतं. रकमा दर काही वर्षांनी बदलतात, म्हणून सीनियरने सांगितलेला आकडा धरून चालू नका. त्या वर्षीची सूचना स्वतः वाचा.

पायरी १: कुठे अर्ज करायचा ते ठरवा

सर्वांत मोठं दार म्हणजे तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी संशोधन फेलोशिप. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा (इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी) आणि प्रयागराजची नासी (नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस, इंडिया) या तिघी मिळून ती चालवतात. देशभरातले शास्त्रज्ञ गाइड म्हणून यादीत असतात, कालावधी दोन महिन्यांचा असतो, आणि लहान गावातल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यालाही इथे खरी संधी असते. अर्ज बहुधा डिसेंबर संपायच्या आत बंद होतात. गाइडची पसंती देताना सगळी नावं आयआयटी आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांचीच टाकू नका. तिथे गर्दी असते. विद्यापीठांच्या विभागांमधले गाइड अनेकदा जास्त वेळ देतात.

महाराष्ट्रातच तीन ठिकाणं अशी आहेत की बाहेरच्या राज्यातली मुलं त्यांच्यासाठी धडपडतात. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरचा व्हीएसआरपी हा उन्हाळी संशोधन कार्यक्रम आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा व्हेकेशन स्टुडंट्स प्रोग्राम आहे, आणि त्याच आवारात एनसीआरए हे रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र आहे. खोडदची ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण चालवते ती हीच संस्था. टीआयएफआर आणि आयुकाच्या कार्यक्रमांत भर मुख्यतः एम.एस्सी. पहिल्या वर्षावर आणि इंजिनिअरिंगच्या शेवटून दुसऱ्या वर्षावर असतो, त्यामुळे बी.एस्सी.वाल्यांनी पात्रतेचा परिच्छेद दोनदा वाचावा. पण एम.एस्सी.ला असाल तर यांना पहिली पसंती द्या. इथे चांगलं काम केलेल्यांचा पीएच.डी. प्रवेशासाठी स्वतंत्रपणे विचार होतो.

बी.एस्सी.च्या अगदी सुरुवातीला असाल, तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘नियस’ हा कार्यक्रम पाहा. २००४ पासून तो चालू आहे. आधी शिबिर, मग निवडक विद्यार्थ्यांना सुट्ट्यांमध्ये पुन्हा पुन्हा येऊन करायचा प्रकल्प अशी त्याची रचना आहे. दुसऱ्या वर्षात पोचल्यावर ‘हे आधी कळायला हवं होतं’ म्हणणारे फार भेटतात, म्हणून हे पहिल्या वर्षाच्या वर्गात मुद्दाम सांगावं.

याखेरीज बंगळुरूत रामन संशोधन संस्था, आयआयए (खगोलभौतिकी संस्था) आणि जेएनसीएएसआर (जवाहरलाल नेहरू संशोधन केंद्र), अहमदाबादला पीआरएल (भौतिकी संशोधन प्रयोगशाळा), चेन्नईत आयएमएससी (गणितीय विज्ञान संस्था), प्रयागराजला एचआरआय (हरीश-चंद्र संशोधन संस्था), पुण्यात आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था). प्रत्येकाचे नियम वेगळे.

परदेशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या एनएसएफ या सरकारी विज्ञान निधी संस्थेच्या ‘आरईयू’ (पदवी विद्यार्थ्यांसाठी संशोधन) जागा त्या देशाच्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना असतात. भारतातून अर्ज भरत बसण्यात वेळ जातो. जर्मनीच्या डाड या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या ‘वाइज’ योजनेसाठी तिथल्या प्राध्यापकाचं निमंत्रण आधी मिळवावं लागतं, म्हणजे ई-मेल सप्टेंबरातच जायला हवेत. सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या उन्हाळी कार्यक्रमाला पदवीची तीन वर्षं पूर्ण होत आलेली असावी लागतात आणि मुदत साधारण जानेवारीअखेर असते. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे आपले विद्यार्थी तिथे जातात. जागा मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात.

बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात येऊन ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती मिळालेल्यांनी एक गोष्ट विसरू नये. वर्षाच्या ८०,००० रुपयांपैकी २०,००० हे उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठीच ठेवलेले आहेत. मार्गदर्शकाच्या सहीचं प्रमाणपत्र आणि अहवाल वेळेत जमा केला नाही, तर हक्काचे पैसे अडकतात.

आणि ज्या ‘इंटर्नशिप’साठी तुम्हीच हजारो रुपये भरायचे, दोन आठवडे रेकॉर्ड केलेली व्याख्यानं पाहायची आणि शेवटी प्रमाणपत्र छापून घ्यायचं, तिच्या वाटेला जाऊ नका. निवड समिती अशा प्रमाणपत्राला किंमत देत नाही.

पायरी २: परीक्षेची तारीख आणि प्रकल्पाची तारीख जुळवा

संस्थांचे कार्यक्रम मेच्या मध्यावर सुरू होतात. आपल्याकडच्या विद्यापीठांच्या सत्र परीक्षा कधी कधी जूनपर्यंत रेंगाळतात. प्रात्यक्षिक परीक्षा कधी, लेखी कधी, पुढचं सत्र कधी सुरू होणार हे कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारून अर्जात खरं लिहा. निवड झाल्यावर ‘मी तीन आठवडे उशिरा येतो’ असं कळवलं, तर एकत्र वर्ग घेणारे कार्यक्रम सरळ पुढच्या नावाकडे वळतात. अकादमींची फेलोशिप यात थोडी लवचीक आहे. तारखा गाइडशी बोलून ठरतात.

एम.एस्सी.च्या नव्या अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्रात ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) किंवा फील्ड प्रोजेक्टचे चार क्रेडिट असतात. उन्हाळी प्रकल्प त्यात धरता येईल का, हे विभागप्रमुखांना जाण्याआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. परत आल्यावर विचारलं तर तासांची नोंद नाही, ठराविक फॉर्म नाही, अशी कारणं निघतात.

एटीकेटी असेल तर लपवू नका. मार्कशीट जोडायचीच आहे. त्या विषयात काय झालं आणि नंतर कसा सुटला, हे एका ओळीत लिहिलं की पुरे.

पायरी ३: राइट-अप

घोडं पेंड खातं ते इथे. दीडशे-दोनशे शब्दांत ‘तुम्हाला काय करायचं आहे’ लिहायला सांगतात, आणि निम्मे अर्ज ‘लहानपणापासून मला ताऱ्यांचं आकर्षण आहे’ इथून सुरू होतात. वाचणाऱ्यापुढे अशा अर्जांचा ढीग असतो. त्याला तुमचं प्रेम मोजता येत नाही, तुम्ही केलेलं काम मोजता येतं.

म्हणून अर्जाआधी एक छोटं काम पूर्ण करा. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. साधा लंबक घ्या. पाठ्यपुस्तकातलं सूत्र लहान कोनापुरतं असतं. पायथनमध्ये पूर्ण समीकरण सोडवून वेगवेगळ्या कोनांसाठी दोलनकाळ काढा. ४५ अंशांना तो लहान कोनाच्या सूत्रापेक्षा सुमारे ४ टक्क्यांनी जास्त येतो. आता हेच समीकरण टप्प्याटप्प्याने सोडवण्याच्या ऑयलरच्या साध्या पद्धतीने सोडवून पाहा. लंबकाची एकूण ऊर्जा हळूहळू वाढत जाईल, जी वाढायला नको. वेळेची पायरी लहान केली की वाढ कमी होते, पण थांबत नाही. मग रुंग-कुट्टा ही अधिक अचूक पद्धत वापरा आणि फरक आलेखावर दाखवा. दोन शनिवार-रविवारांचं हे काम आहे, आणि त्यातून अर्जात असं लिहिता येतं:

‘लंबकाचं अरेषीय समीकरण दोन पद्धतींनी सोडवलं. ऑयलर पद्धतीत ऊर्जा वाढत गेली, त्याचं कारण पायरीच्या आकाराशी जोडून तपासलं. आता ज्या प्रणालींत ऊर्जा दीर्घकाळ टिकवून ठेवणं महत्त्वाचं असतं, उदाहरणार्थ ग्रहांच्या कक्षा, त्यांचं संगणन शिकायचं आहे.’

पाच ओळींत तुम्ही काय केलं, कुठे अडलं, अडल्यावर काय केलं आणि पुढे काय हवं आहे, हे सगळं आलं. प्रायोगिक विषयात रस असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेतला एखादा प्रयोग घ्या आणि जर्नलमध्ये कधी न लिहिलेला भाग लिहा: त्रुटी नेमकी कुठून येते, ती निम्मी करायला काय बदलावं लागेल. खगोलशास्त्र किंवा कणभौतिकी हवी असेल, तर जीएमआरटीचा ऑनलाइन डेटा-संग्रह आणि सर्नचं ओपन डेटा पोर्टल यांच्यावर खरा डेटा मोफत आहे. एक आलेख काढा, पण तो स्वतः समजून काढा. मुलाखत झालीच तर पहिला प्रश्न त्यावरच येणार.

दुसऱ्याचा राइट-अप उतरवू नका. तीच वाक्यं त्याच वर्षी आणखी चार अर्जांत असतात, आणि ती ओळखू येतात.

पायरी ४: शिफारसपत्र

सर किंवा मॅडमना किमान तीन आठवडे आधी भेटा. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर मागू नका. सोबत एक पानाचा कागद न्या: त्यांच्याकडे कोणता विषय शिकलात, किती मार्क, कोणता प्रोजेक्ट किंवा सेमिनार केलात, कुठे अर्ज करताय, शेवटची तारीख. बऱ्याच कॉलेजांत ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं उत्तर मिळतं. तेव्हा पूर्ण पत्र लिहून देण्याऐवजी हाच कागद पुढे करा आणि नम्रपणे आग्रह धरा. विद्यार्थ्याने स्वतःसाठी लिहिलेलं पत्र विशेषणांनी भरलेलं असतं आणि त्यात एकही घटना नसते. ‘ऑप्टिक्सच्या प्रयोगात हिने स्वतःहून वाचनं पुन्हा घेतली, कारण पहिल्या संचात शून्य सरकलेलं होतं’ हे एक वाक्य दहा ‘हुशार आणि मेहनती’ला भारी पडतं. ते फक्त शिक्षकच लिहू शकतात.

प्राचार्यांचं पत्र वजनदार वाटतं, पण ते तुम्हाला ओळखत नसतील तर निरुपयोगी आहे. प्रात्यक्षिकं घेणारे सर चालतील.

पत्र ऑनलाइन भरायचं असेल तर शिक्षकांना संस्थेकडून लिंक येते, आणि ती सर्रास स्पॅममध्ये जाते. अर्ज भरल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना विचारा, ‘मेल आला का?’ अंतिम तारखेच्या चार दिवस आधी एकदा आठवण करा. शिफारसपत्र न पोचल्याने अर्ज अपूर्ण राहणं हा सर्वांत टाळता येण्यासारखा अपघात आहे.

पायरी ५: थेट ई-मेल

योजना नसलेल्या ठिकाणी प्राध्यापकांना थेट लिहिता येतं. त्यांच्या प्रकल्पात निधी असेल तर विद्यावेतन मिळू शकतं, नसेल तर नाही. म्हणून दुसऱ्या मेलमध्ये स्पष्ट विचारायला संकोचू नका. पहिला मेल दीडशे शब्दांचा असावा: तुम्ही कोण, त्यांच्या अलीकडच्या कोणत्या पेपरमधला कोणता भाग वाचलात आणि काय कळलं नाही, तुम्हाला काय येतं, कोणत्या तारखांना मोकळे आहात. सोबत एक पानाचा सीव्ही आणि मार्कशीट एकाच पीडीएफमध्ये. फाइलचं नाव तुमचं असू द्या, ‘फायनल २’ नको.

पेपर पूर्ण कळायची गरज नाही. प्रस्तावना, आकृत्या आणि निष्कर्ष वाचून एक नेमका प्रश्न विचारा. एकाच विभागातल्या पाच जणांना तोच मेल पाठवू नका, ते दुपारचा चहा एकत्र घेतात. दहा दिवस वाट पाहा, एक स्मरण पाठवा, मग पुढे जा. उत्तर न येणं हा अपमान नाही.

पायरी ६: निवड झाल्यावर

स्वीकृती लगेच कळवा. दोन ठिकाणी निवड झाली तर एकाला दोन-तीन दिवसांत स्वच्छ नकार द्या. तुमच्यामुळे अडलेली जागा प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या कुणाची तरी असते.

कागदपत्रं: कॉलेजचं बोनाफाईड, प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं ना-हरकत पत्र, आधारची प्रत, फोटो. टीआयएफआरसारख्या संस्थांमध्ये प्रवेशद्वारावर ओळखपत्र तपासतात, तेव्हा मूळ आधार जवळ ठेवा. लॅपटॉप आत नेताना त्याचा सीरिअल नंबर नोंदवावा लागू शकतो.

तिकीट: १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. मेच्या मध्याला निघायचं तर मार्चच्या मध्याला तिकीट काढा. सुट्टीतल्या गाड्या पहिल्या काही दिवसांतच भरतात. भाडं परत मिळणार असेल तर कोणत्या वर्गाचं, हे आधी विचारा आणि तिकिटाची पीडीएफ जपून ठेवा. परवानगीशिवाय काढलेल्या विमान तिकिटाचे पैसे सहसा मिळत नाहीत.

बँक: खातं तुमच्या स्वतःच्या नावावर आणि चालू असलं पाहिजे. अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेलं ‘स्मॉल अकाउंट’ असेल तर जाण्याआधी पूर्ण केवायसी करून घ्या. अशा खात्यात शिल्लक ५०,००० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही आणि महिन्याला १०,००० रुपयांपेक्षा जास्त काढता येत नाहीत. मुख्य म्हणजे, विद्यावेतन पहिल्या दिवशी मिळत नाही. काही ठिकाणी महिनाअखेर, काही ठिकाणी अहवाल दिल्यावर सगळं एकदम येतं. पहिल्या महिन्याचं जेवण, अनामत रक्कम आणि प्रवास यांची सोय घरून करून निघा. ती शक्य नसेल तर गाइडला किंवा कार्यालयाला आधीच सांगा. मार्ग निघतो, पण सांगितलं तरच.

पायरी ७: आठ आठवडे कसे वापरायचे

आठ आठवडे म्हणजे कामाचे चाळीस दिवस. त्यातले पहिले पाच वाचनात आणि शेवटचे दहा लिहिण्यात जातात, हाताशी पंचवीस उरतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात गाइडकडून प्रश्न एका वाक्यात लिहून घ्या. वाक्यात ‘अभ्यास करणे’ असेल तर तो अजून प्रश्न झालेला नाही. ‘मोजणे’, ‘तुलना करणे’, ‘तपासणे’ यांपैकी काही हवं.

दुसऱ्या आठवड्यात नवीन काही करू नका. आधी माहीत असलेलं उत्तर तुमच्या उपकरणाने किंवा तुमच्या कोडने पुन्हा मिळवा. ते येत नसेल तर नवीन उत्तरावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

वेळेचा हिशेब आकड्यांत करा. समजा, वैश्विक किरणांतले म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखेच, पण जड कण) मोजायचे आहेत. समुद्रसपाटीला आडव्या पृष्ठभागाच्या दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्यूऑन पडतो. २० बाय २० सेंटिमीटरच्या सिंटिलेटरवर, म्हणजे कण गेला की चमकणाऱ्या पट्टीवर, मिनिटाला ४०० होतात. मोजणीतली अनिश्चितता संख्येच्या वर्गमुळाइतकी असते, म्हणजे एक टक्का अचूकतेला १०,००० नोंदी हव्यात. एका पट्टीवर त्या २५ मिनिटांत मिळतात. पण दिशा मोजायला दोन पट्ट्या अंतरावर ठेवून दोन्हींत एकाच वेळी आलेलेच संकेत घ्यावे लागतात, आणि दर घसरतो. तो मिनिटाला ४० झाला तर एका वाचनाला चार तासांहून अधिक. ऊर्ध्व दिशेपासून ६० अंशांवर म्यूऑन साधारण एक चतुर्थांश उरतात, तेव्हा तिथलं एकच वाचन सोळा तासांच्या पुढे जातं. हा हिशेब पहिल्या आठवड्यात केला तर अचूकता कुठे सैल करायची ते ठरवता येतं, सहाव्यात केला तर आलेखावर तीनच बिंदू असतात.

याच प्रयोगात नेहमी दोन गोष्टी बिघडतात. सिंटिलेटरभोवती गुंडाळलेल्या काळ्या टेपमधून प्रकाश झिरपतो. खोलीतला दिवा लावून आणि बंद करून दर बदलतो का पाहा, बदलला तर गळती आहे. हाय व्होल्टेज चालू असताना फोटोमल्टिप्लायर (ती चमक टिपणारी ट्यूब) कधीही उघडू नका, ट्यूब खराब होते आणि धक्का बसतो तो वेगळा. दुसरं म्हणजे मुंबई-पुण्यात जूनमध्ये पाऊस लागला की हवेतल्या दमटपणाने हाय व्होल्टेजच्या जोडण्यांतून गळतीचा प्रवाह वाढतो आणि खोट्या नोंदी येऊ लागतात. मेमधली आणि जूनमधली वाचनं जुळली नाहीत तर भौतिकशास्त्रात नवीन काही शोधण्याआधी सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) बदला. रोजच्या नोंदीत तापमान आणि आर्द्रता लिहिलेली असेल तर हे पाच मिनिटांत सापडतं.

संगणकी प्रकल्पातले घोटाळे वेगळे. सॉफ्टवेअर बसवण्यातच आठवडा जातो, म्हणून जाण्याआधी लिनक्सच्या मूळ आज्ञा, पायथन आणि गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) हाताखालून जाऊ द्या. मूळ डेटावर कधीच लिहू नका, प्रत करून त्यावर काम करा. प्रत्येक आलेखामागे कोणती फाइल, कोणते पॅरामीटर आणि कोडची कोणती आवृत्ती होती, हे वहीत तारखेसह नोंदवा. रेडिओ दुर्बिणीच्या डेटाने लॅपटॉपची डिस्क बघता बघता भरते. संस्थेच्या सर्व्हरवर खातं पहिल्याच दिवशी मागून घ्या.

अर्ध्या दिवसापेक्षा जास्त अडलात तर विचारा. आधी गाइडच्या पीएच.डी. विद्यार्थ्याला, मग गाइडला. विचारताना काय करून पाहिलं आणि नेमका काय संदेश आला ते दाखवा. गप्प बसून आठवडा घालवणाऱ्याला कुणी रागावत नाही, पण त्याचा आठवडा परत येत नाही.

पायरी ८: अहवाल आणि निरोप

अहवाल पहिल्या आठवड्यापासून लिहा. पद्धतीचा भाग काम करतानाच लिहून होतो. अक्षांवर राशी आणि एकक, बिंदूंवर त्रुटी-रेषा, प्रत्येक आकृतीखाली वाचून कळेल असं वर्णन. पुस्तकातून उचललेली दहा पानांची प्रस्तावना गाइड वाचत नाहीत. जे जमलं नाही तेही कारणासह लिहा, पुढच्या वर्षी येणाऱ्याला त्याचाच उपयोग होतो. दहा-बारा मिनिटांच्या सादरीकरणाला तेवढ्याच स्लाइड पुरतात. सातव्या आठवड्यात एकदा गटापुढे बोलून पाहा.

निघण्याच्या आठवडाभर आधी कोड, डेटा आणि वहीची प्रत गाइडच्या ताब्यात द्या. काम पुढे कुठे मांडलं किंवा छापलं जाणार असेल तर त्यात तुमचं नाव कसं येईल, हे तेव्हाच मोकळेपणाने विचारा. त्यांच्या परवानगीशिवाय निकाल कुठेही टाकू नका. भविष्यात शिफारसपत्र द्याल का, हेही समोरासमोरच विचारून ठेवा.

शेवटचे दोन दिवस नो-ड्यूजसाठी, म्हणजे संस्थेचं काही देणं बाकी नाही या दाखल्यासाठी, मोकळे ठेवा. ग्रंथालयाची पुस्तकं, वसतिगृहाची चावी, मेसचं बिल, प्रवेशपत्र, प्रत्येक ठिकाणी सही लागते आणि शुक्रवारी दुपारनंतर सही करणारी माणसं जागेवर सापडतीलच असं नाही. विद्यावेतनाचा शेवटचा हप्ता त्या कागदावर अवलंबून असतो, तेव्हा त्याची फोटोप्रत घेऊनच गाडी पकडा.